हौदातलं दुसरं कासव

आमच्या घरी कासव होतं असं मी सांगते, तेव्हा लोकांना वाटतं देवळात असतं तसं दगडाचं. आमचं चांगलं जिवंत होतं. नाशिकला जुन्या गावात आम्ही भाड्याने राहायचो, त्या घराच्या मागच्या अंगणात एक दगडी हौद होता. पिण्याचं पाणी विहिरीचं; हौदातलं झाडांना आणि धुण्याला. हौदात शेवाळ धरू नये, डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून आमच्या आधीच्या कुणीतरी त्यात कासव सोडलं होतं. घराबरोबर ते आम्हाला मिळालं.

हौद दोन बिऱ्हाडांत सामाईक होता. अलीकडे आम्ही आणि पलीकडे बांगड्यांचं दुकान असलेलं एक मुसलमान कुटुंब. त्या घरातल्या बाईंना मी चाची म्हणायची. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन, आणि तोंडाने फार फटकळ होते. अजूनही आहे, पण आता कुणी त्याबद्दल रागवत नाही.

आत्या म्हणजे दादांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. ती सिन्नरला राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, पण रडका चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. ती आली की गल्लीच्या तोंडापासून हसणं ऐकू यायचं. सागरगोटे खेळताना धडधडीत लबाडी करायची आणि पकडलं की म्हणायची, "बरं, आता तू कर." आई तोंडाने म्हणायची, "वन्सं आल्या की घर डोक्यावर घेतात," आणि हाताने त्यांच्या आवडीची अळूवडी करायला घ्यायची. मला तर आत्या कायमची आमच्याकडे असावी असं फार वाटायचं. देवापुढे मी दुसरं काही मागतच नव्हते.

आणि त्या वर्षी पंचमीला ती माहेरी आली ती तीच बातमी घेऊन. पुरणाची दिंडं खाता खाता म्हणाली, "सिन्नरचं घर दिरांनी विकलं. घेणारा विहीर बुजवणार आहे. दिवाळीपर्यंत मला निघायचंय."

"मग इकडे ये. त्यात विचारायचं काय?" दादा म्हणाले. त्यांच्या तोंडातला घासही अजून गिळून झाला नव्हता.

मी आनंदाने ताटावरून उठलेच. आईने हाताला धरून खाली बसवलं.

"येईन की," आत्या म्हणाली. "पण माझ्या विहिरीत कासव आहे. लग्न झालं त्या वर्षी ह्यांनी सायखेड्याहून, गोदावरीतून, आणलेलं. ते माझ्याबरोबर येईल. त्याला टाकून मी येणार नाही, बाबा. तुमच्याकडे नाही जमलं तर घोटीला दिरांकडे जाईन. त्यांच्या भाताच्या खाचराला लागून तळं आहे."

घोटीच्या दिरांना मी पाहिलं होतं. त्यांच्यापेक्षा कासव बोलकं म्हणायचं. तिथे आत्या सुकून जाईल हे सगळ्यांना कळत होतं, आत्यालाही.

बहिणीला 'ये' म्हणायला दादांना एका घासाचाही वेळ लागला नाही. कासवाला 'ये' म्हणायचं की नाही, हे ठरवायला मात्र त्यांनी दिवाळी आणली. दादा एका वकिलांकडे कारकून होते. दिवसभर उलटतपासण्या ऐकायच्या आणि घरी येऊन आमच्या घ्यायच्या, असा त्यांचा खाक्या. जेवण झाल्यावर त्यांनी आत्याला समोर बसवलं. खातं काय? केवढं होणार आहे अजून? उन्हाळ्यात हौदाचं पाणी तळाला जातं, तेव्हा कुठे ठेवायचं? दोघांचं पटलं नाही तर?

"आणि हा जीव आपल्यापेक्षा जास्त जगतो, ताई. आपल्यामागे त्याचं कोण करणार?"

"मी," मी म्हटलं.

"तुझं लग्न होऊन तू जाशील."

"मग हुंड्यात कासव द्या."

आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. दादा हसले नाहीत. म्हणाले, "आहे त्या एकाचं आपल्या हातून नीट होतंय का, ते आधी बघू. मग दुसऱ्याचं." मला त्यांचा असा राग आला म्हणता. माझं सगळं सुख या माणसाने हौदाच्या काठावर आणून ठेवलं होतं.

आत्या सिन्नरला परत गेली आणि इकडे आमची परीक्षा सुरू झाली. कासवाला खायला घालायचं काम आईकडे होतं. ती रोज सकाळी भात, काकडीच्या फोडी, कधी पालक टाकायची. टाकलं की पाठ फिरवून आत. खाल्लं की नाही, हे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. दादांनी मला राखणीला बसवलं. आणि काय सांगू, कासव भाताला तोंडच लावेना. काकडी नाकाशी नेऊन धरली तरी मान वळवायचं. एक दिवस झाला, दोन झाले, तरी तेच. एक कासव उपाशी मरतंय असं ठरलं तर दुसरं कुठलं यायला?

आईला मात्र वेगळंच सुचलं. "श्रावण आहे ना," ती हळूच म्हणाली. "उपास धरलाय त्याने."

झालं. दोन दिवसांत गल्लीभर झालं. बायका ओल्या अंगणातून कासवाच्या दर्शनाला यायला लागल्या. कुणी हळदकुंकू वाहिलं, कुणी फुलं टाकली, एकीने तर पाण्यात दूध ओतलं. कासव कूर्मावतार तेव्हा त्याला तिथी-वार कळणारच, असं एका आजीबाईंनी ठासून सांगितलं. मीही आत्याला कधी एकदा सांगते असं झालं होतं. उपास करणारं कासव म्हटल्यावर दादांच्या प्रश्नांचा निकालच लागला, असं मला वाटत होतं.

तिन्हीसांजेला मी तुळशीपाशी दिवा लावायला गेले तर पलीकडच्या बाजूने चाची हौदाकडे आली. हातात वाडगं. तिने हौदाच्या काठावर बोटांनी टकटक केलं आणि आमचं उपाशी कासव तीरासारखं तिच्याकडे निघालं. तिने वाडग्यातून मटणाची कातरण टाकली. कासवाने ती मान हिसडून हिसडून गिळली. मी दिवा तसाच धरून उभी.

"चाची, अहो त्याचा उपास आहे," मी म्हटलं.

"कसला उपास गं?" चाचीने विचारलं.

माझ्या आवाजाने आई बाहेर आली, पाठोपाठ दादा. चाची ओशाळली. "भाभी, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे," ती म्हणाली. "नुसत्या भातानं त्याची पाठ मऊ पडली होती. मला दया आली. तुम्ही पाहून न पाहिल्यासारखं करता, असं समजून मी रोज घालत होते."

"अहो, मी त्या पाण्याने सोवळ्याचं धुते," आई कशीबशी म्हणाली आणि पायरीवर बसली. कपाळाला हात लावून ती दादांकडे पाहत होती, आता हे काय बोलतात म्हणून. दादांनी हौदात वाकून पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. "उपास कसला," ते म्हणाले, "दोन घरी जेवतंय हे." मग आईलाही हसू आवरेना. चाची तोंडाला पदर लावून हसत होती आणि मी हसावं की रडावं या विचारात होते. दुसऱ्या दिवसापासून आईने सोवळ्याचं धुणं विहिरीवर नेलं. चाचीशी तिचं बोलणं होतं तसंच राहिलं, उलट थोडं वाढलंच.

त्या रात्री दादा मला म्हणाले, "बघ, इतकी वर्षं आपण त्याला पोसतोय असं समजत होतो." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. मग त्यांनी चाचीच्या यजमानांनाही विचारलं, दुसरं आणू का म्हणून. हौद त्यांचाही होता. ते आणा म्हणाले. चाचीने फक्त एवढंच सांगितलं, की ऊन खायला बाहेर यायला हौदात एकच दगड आहे, तो दोघांना पुरणार नाही. दादांनी गवंडी आणून पाण्यात दोन पायऱ्या बांधून घेतल्या. आता नाही म्हणायला जागाच उरली नाही, अशा थाटात मी गल्लीत मिरवत होते.

दसरा झाला आणि आत्या सर्व्हिस मोटारीने आली. एका हातात गाठोडं, मांडीवर टोपली, टोपलीत ओल्या गोणपाटात कासव. आमच्यापेक्षा चांगलं थोराड होतं. सगळे जण हौदाभोवती जमलो. आत्याने ते अलगद पाण्यात सोडलं, ते तळाशी गेलं, आणि आमच्याने, उपास धरून साधू झालेल्याने, एका दमात जाऊन त्याचा मागचा पाय धरला.

पाणी असं घुसळलं की काय विचारता. दादांनी धोतर खोचून आत उडी मारली आणि दोघांना सोडवलं. आत्याच्या कासवाच्या पायाला रक्त आलं होतं. हळद लावून ते घंगाळात ठेवलं. चार-पाच दिवसांनी पुन्हा सोडून पाहिलं, पुन्हा तेच. मग दिवसाआड एकेकाला पाण्याबाहेर ठेवून पाहिलं, तर दोघांनीही खाणं टाकलं. दुसरा हौद बांधायला घरमालक तयार होईना. आहे त्यात मध्ये भिंत घालू, असं दादा म्हणाले, तेव्हा आत्याच म्हणाली, "नको रे. मग दोघांनाही वळायला जागा राहायची नाही. माझ्या सोयीसाठी त्यांना कोंडू नकोस."

दादा तिच्यासमोर बसले. या वेळी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. "नाही जमायचं, ताई," एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

"नाही जमायचं," आत्याही म्हणाली.

मी थयथयाट केला. आमचं कासव दुष्ट आहे, ते घोटीला पाठवा, दादाही दुष्ट आहेत, मी जेवणार नाही, असं तोंडाला येईल ते बोलले. आत्याने माझं सगळं ऐकून घेतलं. तिचं गाठोडं कोपऱ्यात होतं. आल्यापासून ती त्यातूनच एकेक लुगडं काढायची आणि धुऊन त्यातच ठेवायची. मी रोज सकाळी उठून आधी त्या गाठोड्याकडे बघायची.

दिवाळी झाल्यावर एक दिवस ती म्हणाली, "पाय बरा झालाय. त्याला सायखेड्याला नेऊ या. जिथून आणलं तिथे." घोटीचं तळं उन्हाळ्यात आटतं, हे तिने कुणाकडून तरी विचारून घेतलं होतं. ती पुढे स्वतः काय करणार ते मात्र बोलली नाही. "तू विचारू नकोस," आईने मला दम भरला होता. म्हणून मी विचारलं नाही, आणि हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम होतं.

सायखेड्याच्या मोटारीत आत्या, दादा आणि मी. निघताना चाचीने कासवासाठी पुडी बांधून दिली होती. नदीचा पूर ओसरला होता, पाणी निवळशंख होतं, काठाला हरभऱ्याची कोवळी रोपं. आत्याने गोणपाट सोडलं आणि कासव उथळ पाण्यात ठेवलं. ते तिथेच बसून राहिलं. पुडी सोडून समोर टाकली, ती खाल्ली, आणि पुन्हा मान वर करून तिच्याकडे बघत बसलं. दादांनी काठीने पाणी हलवलं. काही उपयोग नाही.

"मी उभी आहे तोवर ते हलायचं नाही," आत्या म्हणाली. पाठ फिरवून ती चढण चढायला लागली. जाता जाता मला म्हणाली, "तू बघ. गेलं की सांग." एकदाही मागे न बघता ती वर झाडाखाली जाऊन बसली.

मी बघत राहिले. बराच वेळ काही नाही. मग त्याने पाय काढले, वाळूवरून ओढत पुढे गेलं, पाणी खोल झालं तसं हलकं झालं आणि एका वळणात दिसेनासं झालं. मी धावत वर गेले.

"गेलं?"

"गेलं."

"मागे बघितलं का?"

"बघितलं," मी म्हटलं.

"खोटारडी," आत्या म्हणाली आणि हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण हसणं थांबलं नाही. मी तिच्या कुशीत शिरले आणि दोघी वेड्यासारख्या हसत रडत होतो. दादा खाली पाण्याकडे तोंड करून उगाच काठी धूत बसले होते.

मोटार यायला अवकाश होता. आत्याने नाक पुसलं, पदर सारखा केला आणि रोजच्या आवाजात मला विचारलं, "काय गं, तुझ्या फडताळात माझी लुगडी मावतील का?"

"मी माझं सगळं बाहेर काढते," मी म्हटलं.