एका बाजूची ओढ

"आज कॉम्प्युटरला हात लावू नकोस. पूजा आहे. समजून घे जरा."

साहेब हळूच बोलले. मऊ आवाजात. खंडेनवमी होती. अंबरनाथच्या आमच्या विजेच्या मोटारींच्या कारखान्यात डिझाईन खात्याला तेव्हा एकच कॉम्प्युटर होता आणि वर्षभर त्याच्यावर मीच बसत होते. त्या दिवशी त्याला झेंडूचा हार. मी दाराबाहेर, चपलांपाशी.

आत पूजेला आलेल्या पाहुण्यांना साहेब माझाच प्रोग्रॅम दाखवत होते. मोटारीत रोटर फिरतो, भोवती न फिरणारा स्टेटर, मधे नखाच्या जाडीची फट. रोटर अगदी मधोमध आहे असं धरूनच सगळे हिशेब करायचे. मोटारी मात्र गिऱ्हाइकांकडून गुरगुरत परत यायच्या. मी हिशेबात रोटर केसभर सरकवला. मग पडद्यावर दिसलं. जिकडे फट कमी, तिकडेच चुंबकाची ओढ जास्त. त्या ओढीनं फट आणखी कमी. शेवटी रोटर घासणारच. हे जमलं तेव्हा आनंदानं मी एकटीच हसले होते.

"कोणी केलं हे?" पाहुण्यांनी विचारलं.

"आमच्या खात्यानं," साहेब म्हणाले.



साहेब पेढे घेऊन बाहेर आले. माझे वडील त्याच कारखान्यात ओझी उचलायचे. तेही रांगेत होते. इतरांच्या हातावर पेढा ठेवला. वडिलांनी ओंजळ खाली धरली, पार गुडघ्यापाशी. साहेबांनी वरून सोडला. आणि माझी ओंजळ? तीही तेवढीच खाली गेली होती. मी इंजिनिअर झाले, पण हातांना जुनंच ठाऊक होतं. मला रडू आलं. मी हात मागे घेतले.

"घे की बाई," वडील कुजबुजले. "देवाचं हाय. नोकरी जाईल."

"नको," मी म्हणाले. साहेबांना ऐकू जाईल असं.

बदलापूरला घरी आल्यावर वडील जेवले नाहीत. घाबरले होते. त्यांचा तो चेहरा अजून मला सोसत नाही.

दसऱ्यानंतर कामावर गेले. सुकलेला हार काढला. मशीन चालू केलं. प्रोग्रॅमच्या अगदी वर माझं नाव टाईप केलं. साहेब मागे येऊन उभे राहिले.

"पुसून टाक ते."

"नाही पुसणार. काढायचं तर मला काढा."

त्यांनी वाकून पडद्यावरचं नाव वाचलं. मी आडनावही लिहिलं होतं.