भुईचा घोट

अंगणात मोहाची फुलं वाळत घातली, की त्या गोडसर आंबूस वासानं मला खांडबाऱ्याच्या स्टेशनजवळचं ते परवान्याचं दारूचं दुकान आठवतं. दारूबंदी नुकतीच सैल झाली होती. मी काम मागायला गेलो आणि अनुभव नाही म्हणून सांगितलं, तर शेठ हसला. "तुले काय अनुभव लागस? तुम्हना लोके आईना पोटमाच शिकी येतस."

तेव्हा मला ती शाबासकीच वाटली.

शेठनं पारखायला मला लगेच ग्लास भरायला उभं केलं. पहिलं गिऱ्हाईक आमच्याच पाड्यावरचे काका. मी ग्लास भरला आणि घरच्या सवयीनं वाडवडिलांच्या नावाचे चार थेंब आधी भुईवर सांडले. शेठ खेकसला, "भुईले काय पाजस? हाई दुकान शे, तुन्हं घर नही!" मी फडकं घेऊन फरशी पुसली. काका बघत होते. त्यांनीही सवयीनं ग्लासात बोट बुडवलं, शेठकडे पाहिलं, बोट सदऱ्याला पुसलं आणि ग्लास एका दमात रिकामा केला.

शेठ म्हणाला, "उद्यापासून ये."

आता नातवंडं घरातही तशीच पितात. आमच्या वाडवडिलांची तोंडं त्या दुपारपासून कोरडीच आहेत.