रक्ताला मोठी आच चालत नाही

माझ्या मैत्रिणीकडे दर महिन्याला आयर्लंडहून एक बॉक्स येतो. तिकडच्या छोट्या छोट्या लोकांनी हाताने केलेलं काहीबाही त्यात असतं. धुरी दिलेलं लोणी, ओटची बिस्किटं, समुद्रातलं वाळवलेलं शेवाळ, मोज्यासारखा वास येणारं चीज. ‘आर्टिझन’ हा शब्द त्यावर इतक्या ठिकाणी छापलेला असतो की खाणाऱ्यालाच आपण काहीतरी कष्ट केल्यासारखं वाटतं. महिन्यातल्या एका रविवारी ती आम्हाला घरी बोलावते, बॉक्स आमच्यासमोर उघडते आणि आम्ही तिच्या ओट्याभोवती उभं राहून एकेक चाखतो. शेवाळ खाऊन माझा नवरा म्हणाला होता, याच्यापेक्षा आमच्या विहिरीतलं बरं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

ही मैत्रीण म्हणजे एडिनबरातलं माझं माहेर. आमच्या मुली एकाच वर्गात आहेत. मी हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते, नवरा बँकेत आहे. शाळा सुटते तेव्हा आम्ही दोघंही कामावर असतो. माझ्या मुलीला रोज शाळेतून तीच घेऊन येते, तिला खायला घालते, मी येईपर्यंत सांभाळते. माझ्या बाळंतपणाला आईला व्हिसा मिळाला नाही, तेव्हा डिंकाचे लाडू हिने केले. जन्मात पहिल्यांदा केले, ते इतके कडक झाले की आम्ही बत्त्याने फोडून खाल्ले. तिला माझ्याबद्दल सगळं माहीत आहे, एक गोष्ट सोडून.

आम्ही बौद्ध आहोत. आजोबांच्या पिढीत झालो. त्याआधी काय होतो, ते मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’ लागलेलं, त्यामुळे त्यावरून कुणाला काही कळत नाही. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे, पण या देशात बुद्ध गार्डन सेंटरमध्ये कुंड्यांशेजारी मिळतो आणि लोकांच्या बाथरूममध्येही बसलेला असतो, त्यामुळे तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. निळ्या कोटातला फोटो बेडरूममध्ये आहे. एप्रिलमध्ये आम्ही जयंतीला लंडनला जातो आणि मैत्रिणीला सांगतो, नातेवाइकांकडे चाललोय. नवऱ्याला हे मुळीच आवडत नाही. तो म्हणतो, सांगून टाक, ती तसली नाही. मीही म्हणते, ती तसली नाहीच. पण सांगत नाही.

याचं कारण पुण्याच्या हॉस्टेलमध्ये आहे. आई परभणीहून मला भेटायला आली तेव्हा डब्यात रक्ती घेऊन आली होती. बोकडाचं रक्त गोठवून, उकडून, त्याच्या वड्या पाडून भरपूर कांदा आणि हिरव्या मिरचीत परततात, ती. माझ्या रूममेटने ‘लिव्हर आहे का गं’ म्हणत निम्मा डबा संपवला. बोटं चाटली. मला ती जवळची वाटायची, म्हणून मी हौसेने खरं सांगितलं. ती बेसिनकडे पळाली. त्याच आठवड्यात तिने खोली बदलून घेतली आणि अख्ख्या मजल्याला माझी जात कळली. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. मेसमध्ये माझ्या टेबलाच्या खुर्च्या तेवढ्या रिकाम्या राहायला लागल्या. ती भीती माझ्या अंगात जी शिरली, ती विमानात बसूनही उतरली नाही.

स्कॉटलंडमध्ये तर न्याहारीच्या ताटलीत ब्लॅक पुडिंग असतंच. डुकराच्या रक्तात ओट आणि मसाला घालून केलेली काळी चकती. आम्ही दोन्ही कुटुंबं फिरायला गेलो की हॉटेलात ती समोर यायची, आणि ‘ई’ म्हणण्यात मी सगळ्यांच्या पुढे. ताटली दूर सारायची, नाक मुरडायचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच असावं.

या वसंतात मैत्रिणीची आई पुण्याहून आली. त्यांना मी काकू म्हणते. काकू प्रेमळ आहेत, हे आधीच सांगते. माझ्या मुलीला त्यांनी शुभंकरोति शिकवलं, तिच्यासाठी लोकरीची टोपी विणली. पण काकूंना माणूस कुठला ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. पहिल्याच भेटीत त्यांनी मूळ गाव विचारलं, दुसऱ्या भेटीत कुलदैवत. मी तुळजाभवानी म्हणाले. मराठवाड्याच्या माणसाने हे उत्तर दिलं की सहसा निभावून जातं. काकू ‘हो का’ म्हणाल्या. पुण्याच्या ‘हो का’मध्ये काय काय मावतं, ते ज्याने ऐकलंय त्यालाच माहीत. त्या दिवसापासून त्यांच्यासमोर जेवतानाही मी हात जपून हलवायला लागले.

त्यानंतरच्या रविवारी बॉक्स उघडला तेव्हा काकू टेबलाशी बिस्किट आणि चहा घेऊन बसल्या होत्या. त्या मांसाहार करत नाहीत, आमची गंमत बघतात. मैत्रिणीने आधी एक जॅम काढला, मग मोहरी, मग प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेली एक काळी लादी. सोबतच्या कागदावरून तिने मोठ्याने वाचलं की हे ब्लॅक पुडिंग आहे, पण नेहमीचं नाही. ताज्या रक्ताचं, आतड्यात न भरता ट्रेमध्ये भाजलेलं, एका कुटुंबाची जुनी रीत.

“चला, आज धाडस,” तिचा नवरा म्हणाला. “इतकी वर्षं स्कॉटलंडमध्ये राहून आपण हे खाल्लं नाही, इट्स अ शेम.”

“मी नाही हं,” मी म्हणाले. नेहमीचंच म्हणाले, पण माझं लक्ष त्या लादीवर होतं. हॉटेलातल्या चकतीसारखी ती दिसत नव्हती. मऊ, ओलसर, कापल्यावर कडेला किंचित लाल. थेट आईच्या परातीतली दिसत होती. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागला.

मैत्रिणीने पॅन तापवला, धूर निघेपर्यंत तापवला, आणि जाड तुकडे त्यात टाकले. ते तडतडायला लागले, कडेने करपायला लागले. ती उलथन्याने दाबत होती. तो वास माझ्या नाकात शिरला आणि मला परभणीचं घर दिसायला लागलं. आई पातेलं पदराखाली झाकून आणायची, ते दिसायला लागलं. मी ‘ई’ म्हणायला पाहिजे होतं. ते राहिलं बाजूला आणि माझा हात पुढे गेला. मी गॅस बारीक केला, पॅन उचलून बाजूला धरला आणि म्हणाले, “अगं, रक्ताला मोठी आच चालत नाही, रबर होतं. कांदा आधी परतून घे, मग हे घाल. झाकण ठेव.”

म्हणून झाल्यावर मला ऐकू आलं, मी काय म्हणाले ते.

मैत्रीण सरळ कांदा चिरायला लागली. तिचा नवरा ‘येस शेफ’ म्हणाला. टेबलाकडून आवाज आला, “तुला कसं गं माहीत?”

“यूट्यूबवर बघितलं, काकू.”

“हो का,” काकू म्हणाल्या. त्यांनी बिस्किट चहात बुडवलं आणि कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात सांगायला लागल्या, “आमच्या लहानपणी गावात खाटकाकडनं रक्त न्यायच्या त्या बायका. आमच्या दारावरनंच जायच्या. भांडं झाकलेलं असायचं, पण कळायचं. आई आम्हाला आत घ्यायची.”

“शी, आई, जेवताना काय,” मैत्रीण म्हणाली.

पुडिंग शिजलं. छान शिजलं, कारण मी सांगितलं तसं शिजवलं होतं. सगळ्यांनी खाल्लं, अगदी मिटक्या मारत. मैत्रिणीचा नवरा म्हणाला, लंडनमधल्या रेस्टॉरंटात याचे केवढे पैसे घेतील. मी एक तुकडा तोंडात टाकला. मिरची नव्हती, बाकी सगळं होतं. मला रडू येईल अशी भीती वाटली, आणखी एक तुकडा घ्यावासा वाटेल अशीही भीती वाटली, आणि काकू माझ्या तोंडाकडे बघतायत हे मला मान वर न करताही कळत होतं. मी निम्मा तुकडा टिश्यूत गुंडाळला आणि म्हणाले, “नॉट फॉर मी.”

गाडीत नवऱ्याने रेडिओ लावला, बंद केला. मग म्हणाला, “गॅस तू का कमी केलास?”

“करपत होतं.”

“करपू द्यायचं ना,” तो म्हणाला. रोज ‘सांगून टाक’ म्हणणारा तो, स्टिअरिंग घट्ट धरून बसला होता. तेव्हा मला कळलं की तोही माझ्याइतकाच घाबरलेला आहे, आणि माझी भीती दुप्पट झाली.

दुसऱ्या दिवशी कामावर माझं लक्ष नव्हतं. पेशंटला श्वास रोखून धरायला सांगायचं आणि बटण दाबायचं हे माझं काम. त्या दिवशी पेशंटबरोबर मीच श्वास रोखत होते. शाळा सुटायची वेळ झाली. आज ती मुलीला आणेल का? आणलं तर काकू तिला कुठे बसवतील? शुभंकरोति म्हणायला जवळ घेतील का? माझ्या मुलीला अजून जात म्हणजे काय ते माहीत नाही. ते तिला माझ्या तोंडून कळायच्या आधी रिकाम्या खुर्चीवरून कळेल. मी खोटं सांगून लवकर निघाले आणि बस यायची वाट न बघता चालत सुटले.

दार मैत्रिणीने उघडलं. मुलगी आतून ओरडली, “मम्मा, माझी बॅग दिसत नाही.” म्हणजे आणलं होतं. सगळं रोजच्यासारखं होतं. मला हायसं वाटलं, तेवढ्यात मैत्रिणीने दार मागे ओढून घेतलं आणि जिन्यात बाहेर आली. तिचा चेहरा लाल झाला होता. माझ्या मुलीचा कोट तिच्या हातात होता.

“ऐक ना, आय अ‍ॅम सो एम्बॅरस्ड,” ती कुजबुजली. “काल तुम्ही गेल्यावर आई काय म्हणाली माहितीये? म्हणाली, तुझी मैत्रीण आपल्यातली नाही. घरात पाहिल्याशिवाय कुणाच्या हाताला ती रीत येत नाही म्हणे. मी इतकी चिडले ना. म्हटलं, आई, माझ्या मैत्रिणीबद्दल असलं काही बोलायचं नाही. शी इज लाइक माय सिस्टर. सकाळपासून आम्ही बोलत नाहीयोत. ती तुला सॉरी म्हणणार आहे, आत्ताच्या आत्ता. आई!”

“अगं, नको,” मी म्हणाले. पण काकू दारात आल्याच होत्या. लेकीने रागे भरलेल्या आईचा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दोन्ही हात जोडले.

“चुकलं गं माझं,” त्या म्हणाल्या. “तुझ्याबद्दल काहीतरी वेडंवाकडं मनात आलं. म्हातारपण. राग धरू नकोस.”

‘असू दे काकू’ एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. ते म्हटले असते की सगळं मिटणार होतं. उद्या शाळा, पुढच्या महिन्याचा बॉक्स, सगळं होतं तसं राहणार होतं. शब्द माझ्या ओठांवर आलेही होते. पण एक म्हातारी बाई हात जोडून माझी माफी मागत होती. मी जे आहे, तेच मी असेन असं तिला वाटलं, याबद्दल मागत होती. तिचे ते हात मला बघवेनात.

“काकू, हात खाली घ्या,” मी म्हणाले. “तुमचं काही चुकलं नाही. मी यूट्यूबवर नाही बघितलं. माझी आई करायची. भांडं झाकून आणायची.”

काकूंनी हात खाली घेतले. त्या आत गेल्या. मैत्रीण आधी आईकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

“म्हणजे?” ती म्हणाली. मग तिला कळलं. कळलेलं मला तिच्या डोळ्यांत दिसलं. “इतकी वर्षं? मग मला का नाही सांगितलंस? मला? तुला काय वाटलं, मी काय केलं असतं?”

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “पण तू आत्ता ‘असलं काही’ म्हणालीस.”

आत मुलींना बॅग सापडली होती, त्या हसत होत्या. काहीतरी करायचं म्हणून मी कोट घ्यायला हात पुढे केला, आणि तो देताना ती माझ्या बोटांना बोटं लागू देते की नाही, ते बघत उभी राहिले.