भोपळ्यावर आलेले टायर

आमचे मिशनरी साहेब विलायतेला कायमचे परत गेले, तेव्हा बारामतीच्या मिशन बंगल्यात त्यांनी दोन गोष्टी माझ्या हवाली केल्या. एक ख्रिस्ती मंडळी आणि दुसरी मोटार. मंडळी कशीबशी चालत होती. मोटार मुळीच चालत नव्हती.

बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षं उभी होती. कापडी टप उंदरांनी कुरतडलेला, मागच्या सीटवर आमच्या हिच्या कोंबड्या अंडी घालायच्या, आणि टायरांच्या पार चिंध्या झालेल्या. कुणीही म्हणालं असतं, भंगारात द्या. पण पाळक व्हायच्या आधी मी लढाईत फौजेचे ट्रक हाकलले होते. इंजिन दिसलं की अजूनही माझे हात शिवशिवतात. शिवाय मला गाडीची गरज होती. थोडी हौसही होती, पाळकानं खोटं कशाला बोलावं!

गरज होती ती इंदापूरच्या अलीकडच्या एका वस्तीमुळे. कालव्याच्या कडेला आमच्या मंडळीची थोडी घरं होती. गावात त्यांना महारवाड्यातलीच म्हणत, येशूचं नाव घेतलं म्हणून गावानं त्यांना काही जवळ केलं नव्हतं. तिथं एक म्हातारी राहायची. पडून कंबर मोडली तेव्हापासून ती खाटेवरच होती. प्रभुभोजनाची माझी छोटी लाकडी पेटी सायकलला बांधून मी महिन्याला तिच्याकडे जायचो. भाकर, द्राक्षरस, प्रार्थना, मग तिच्या हातचा नाही तरी तिच्या देखरेखीखालचा चहा. उन्हाळ्यात मात्र त्या रस्त्यानं जीव नकोसा व्हायचा, आणि एखादा महिना चुकायचा. मग ती म्हणायची, "पाळकबाबा, मागल्या म्हैन्यात आला न्हाईस. मी देवाला नको झाले व्हय?"

मी घरी आलो आणि कोंबड्या हुसकल्या.

वर्षभर रोज संध्याकाळी मी त्या गाडीखाली पडलेला असायचो. कार्बोरेटर रॉकेलमध्ये धुतला, टाकीतला गंज खरवडला, व्हॉल्व्ह घासले. रेडिएटर गळत होता, त्याला फौजेतला इलाज केला, पाण्यात मूठभर हळद टाकली. हळद फुगते आणि बारीक भोकं बुजतात. आमची ही ओरडली, "स्वयंपाकाला ठेवा थोडी!" आणि नेमकं दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळीतले एक पंच आले. गाडीच्या तोंडावरून पिवळे ओघळ आलेले पाहून ते जे गंभीर झाले! चहाला नाही म्हणाले. रविवारी कुजबुज माझ्या कानावर आली, की पाळकानं खंडेनवमीसारखी गाडीला हळद वाहिली. मी इतका संतापलो, की उपासना संपल्यावर सगळ्या पंचांना शेडमध्ये नेलं आणि रेडिएटरचं झाकण उघडून दाखवलं. एकानं बोट बुडवून चाटूनही पाहिलं. तेव्हा कुठं माझा विश्वास शाबूत असल्याची त्यांची खात्री पटली.

इंजिन चालू झालं. राहिले टायर.

तेव्हा मुंबई कुणाची यावरून सगळीकडे रान पेटलं होतं, आणि पुढं निवडणुकाही येत होत्या. गाडी धडधडतेय हे गावात कळल्यावर एक बागाईतदार पुढारी बंगल्यावर आले. परीटघडीची टोपी, गोड बोलणं. म्हणाले, "पाळकसाहेब, चारी टायर नवे कोरे, आमच्याकडून. निवडणूक हुईस्तोवर गाडी आमच्या सभांना फिरू द्या, मग तुमची तुमाला." आठवड्याभरात विरुद्ध बाजूची पोरं आली. त्यांनाही गाडी हवी होती, मोर्चाला. खरं सांगतो, माझं मन त्या पोरांकडे होतं. मुंबई महाराष्ट्राचीच, हे मी चहाच्या दुकानात टेबल आपटून सांगितलेलं आहे. पण मंडळीत दोन्हीकडची माणसं. मी दोघांनाही वाटेला लावलं, आणि रविवारी वेदीसमोर उभा राहून सांगून टाकलं, की ही गाडी देवाच्या कामाशिवाय हलणार नाही आणि कुणाच्याही सभेला जाणार नाही. बोललो मोठ्या झोकात. गाडी बिचारी विटांवरच उभी राहिली.

मग आला कापणीचा सण. आमच्यात त्या दिवशी जो तो शेतातलं पहिलं पीक देवाला आणतो. ज्वारीची कणसं, अंडी, कोंबडा, वांगी. उपासना झाली की झाडाखाली लिलाव. त्यातही आमची रीत अशी, की घेणाऱ्यानं पैसे द्यायचे आणि वस्तू पुन्हा देवालाच परत करायची, म्हणजे तिचा परत लिलाव. त्या वर्षी वस्तीवरच्या म्हातारीचा मुलगा डोक्यावर भलाथोरला भोपळा घेऊन चालत आला. तो आमचा पंचच होता, अबोल, पण शब्दाचा पक्का. म्हणाला, "आईनं धाडलाय. म्हणाली, ह्यो गाडीच्या चाकांसाठी."

त्या भोपळ्याला त्या दिवशी विसावा म्हणून मिळाला नाही. जो घ्यायचा तो परत करायचा. विधवा बायांनी घेतला, शाळेच्या मास्तरांनी घेतला, माझ्या हळदीवर संशय घेणाऱ्या पंचांनी तर तीनदा घेतला. देठ मोडला, लोक हसून हसून बेजार झाले, आणि ऊन उतरेपर्यंत टायरांपुरते पैसे जमले होते. टायर पुण्याहून एसटीच्या टपावर आले, जुने, पण चांगले दमदार.

मग काय! पेटी मांडीशी ठेवून मी दर महिन्याला वस्तीवर जाऊ लागलो. एकही महिना चुकला नाही. भोंगा ऐकला की म्हातारी आतून ओरडायची, "आला गं माझा भोपळा!"

त्याच साली दसऱ्याला नागपुरात काय झालं ते साऱ्यांना ठाऊक आहे. लाखो माणसांनी बुद्धाला शरण जाऊन जुनं ओझं टाकलं. ज्यांनी ही वाट दाखवली ते दोन महिन्यांतच गेले, तेव्हा त्या वस्तीत कुणाच्या घरी चूल पेटली नाही. मीही त्या दिवशी तिथं जाऊन बसलो होतो. ही माणसं आता त्याच वाटेनं जाणार, हे मला तेव्हाच कळून चुकलं.

थंडीत म्हातारीचा मुलगा बंगल्यावर आला. उभाच राहिला. "पाळकसाहेब, येत्या रविवारी इंदापुरात दीक्षा हाय. आमी समदी घेणार. आई बी. बैलगाडीत तिची कंबर ऱ्हायची न्हाय. तुमी न्याल का?"

माझं डोकंच फिरलं. "अरे, काही वाटतं का? माझ्याच गाडीतून माझीच मंडळी घेऊन जायची, आणि हाकायची कुणी, तर मी? रविवारी? मी वेदीसमोर सांगितलंय, ही गाडी सभेला जाणार नाही!"

तो शांत होता. "ही काय मतं मागायची सभा हाय व्हय? तुमच्या बाकावर आमी तुमच्या शेजारी बसलो, त्ये इसरणार न्हाय. पर गावच्या हिरीवर अजून बी लांबच उभं ऱ्हातुया. माझ्या पोरांनी बी तसंच ऱ्हायाचं का?"

"जा तू," मी म्हटलं. तो गेला. मी रागानं शेडमध्ये जाऊन नसलेला बिघाड शोधत बसलो. आमची ही दारात आली. "भोपळा कुणाचा होता?" एवढंच विचारलं तिनं, आणि परत चुलीशी गेली.

रविवारी उपासना पंचांवर सोपवली आणि मी वस्तीवर गेलो. म्हातारी पांढरं लुगडं नेसून तयार होती. मुलानं तिला उचलून माझ्या शेजारी बसवलं. सवयीनं मांडीशी ठेवलेली पेटी मी मागच्या सीटवर सारली.

इंदापुरात मैदानाच्या कडेला गाडी लावून मी आतच बसून राहिलो. पांढऱ्या कपड्यांची ती गर्दी, आणि सगळी एका आवाजात दीक्षेच्या प्रतिज्ञा बोलत होती. माझ्या मंडळीनं इतक्या जोरात कधी आमेन म्हटलं नव्हतं. मला रडू आलं. देवावर रागही आला. आणि म्हातारीचा तो उजळलेला चेहरा दिसला, तेव्हा आनंद झाला, हेही लपवणार नाही. तिन्ही गोष्टी एकदम आल्या, काय करू?

परतताना कालव्याच्या रस्त्यानं मी गाडी दामटत होतो. मुलगा मागं, पेटीशेजारी.

"पाळकबाबा, रागावलास व्हय?"

"नाही, मावशी."

"मग गाडी अशी का आदळतुयास?"

मी वेग कमी केला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "यंदा बी छपरावर भोपळा धरलाय. सणाला कुणासंगं धाडू?"

"अहो, आता कसला सण? आता तुम्ही..."

"आता काय? भोपळ्यानं दीक्षा घेतली न्हाय."

मागं मुलगा फस्सकन हसला. मलाही हसू फुटलं, आणि हसता हसता पुढचा रस्ता दिसेना, म्हणून गाडी कडेला घेतली. म्हातारीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "म्हैन्याला येत हुतास तसाच येत ऱ्हा. त्यो भाकरीचा डबा तेवढा आणू नगंस. नुसता ये."

पुढच्या महिन्यात मी गेलो. भोंगा वाजवला, तीच हाक आली. पेटी घरी होती. तिच्या दारात उतरलो तेव्हा रिकामे हात कुठं ठेवावेत तेच मला कळेना.