जयगडहून पुढे दोन दिवस

शिडाची होडी चालवायला आम्ही दोघं नवरा-बायको नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या पाण्यावर शिकलो. मी सातपूरला एका कारखान्यात टूलरूममध्ये होतो, ही शाळेत शिकवायची. रविवारी डबा घेऊन धरणावर जायचं आणि कुणाकडून तरी घेतलेली जुनी फायबरची होडी चालवायची, हा आमचा छंद. खरं सांगायचं तर ही माझ्यापेक्षा चांगली शिकली. वारा कुठून फिरणार हे तिला आधी कळायचं. मी नुसताच जोर लावायचो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा आम्ही तीन जोडप्यांनी अलिबागहून मालवणपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं ठरवलं. तीन होड्या, मागे लहान इंजिन बसवलेल्या. पुढे एक वयस्कर जोडपं, त्यांना आम्ही सगळे काका-काकू म्हणायचो; काकांचा सगळा जन्म व्यापारी जहाजांवर गेलेला. मधे पुण्याचं एक तरुण जोडपं आणि शेवटी आम्ही. दिवसा जायचं, ऊन कललं की एखाद्या खाडीत शिरून नांगर टाकायचा. वर्षभराची रजा मी या प्रवासासाठी साठवली होती.

हिचं माहेर सायखेड्याचं. गोदेकाठी त्यांचा भाजीपाल्याचा मळा. सासूबाई थकल्या होत्या, तरी बांधावर बसून बायकांकडून काम करवून घ्यायच्या. निघताना त्या हिला म्हणाल्या होत्या, "पाण्यात चाललीस, रोज फोन करीत जा." ही जिथे बूथ मिळेल तिथून फोन करायची.

जयगडला मात्र मी गेलो. ही आणि काकू होडीवर ओले कपडे वाळत घालत होत्या. काकांना पेट्रोल आणायचं होतं, म्हणून आम्ही दोघे गावात गेलो. बूथवरून मी सायखेड्याला फोन लावला. मेव्हण्यानं उचलला.

"दाजी, आईला कालपासून बरं वाटत नाय. उजवा हात जड पडलाय म्हणती. डॉक्टरनं गोळ्या दिल्यात."

"काळजीचं आहे का?"

"तसं घाबरायचं काय नाय. पण ताईची लय आठवण काढती. जमलं तर ताईला पाठवा."

'जमलं तर.' मी ते दोन शब्द पकडून ठेवले. जयगडहून रत्नागिरीला एस.टी. होती, तिथून पुढे नाशिक. दुसऱ्या दिवशी ही आईजवळ पोचली असती. पण ती गेली असती तर माझाही प्रवास तिथेच संपला असता. मला एकट्याला होडी झेपणार नव्हती. मालवण तीन दिवसांवर आलं होतं.

होडीवर चढलो तशी ती म्हणाली, "लागला फोन? आई कशी आहे?"

"मजेत. मेथीच्या जुड्या बांधून घेतायत म्हणे."

एवढं सांगायची काय गरज होती? नुसतं "बरी आहे" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ती हसली, "तिचा हात कधी रिकामा राहायचा नाही," म्हणाली आणि पुन्हा चिमटे लावायला लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही रत्नागिरीला पोचलो. वारा मस्त होता, सुकाणू तिच्याच हातात. वाटेत ती गुणगुणत होती. संध्याकाळी ती बूथवर निघाली, तर मी म्हणालो, "मी आत्ताच जाऊन आलो. लाइनच लागत नाही." मी गेलोच नव्हतो.

काका जयगडला माझ्या शेजारीच उभे होते, मेव्हण्याचा मोठा आवाज त्यांनाही ऐकू आला होता. ते मला धक्क्यावर बाजूला घेऊन म्हणाले, "बाईंना सांगितलंत?"

"सांगतो."

"मी चाळीस वर्षं जहाजावर काढली. माझी आई गेली ते मला पत्रानं कळलं. तेव्हा इलाज नव्हता. तुम्हाला आहे. उद्या विजयदुर्गला पोचेपर्यंत सांगा, नाहीतर मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी विजयदुर्गपर्यंत सगळा वेळ मी तिच्यासमोर बसून होतो. आठ तास. चार वेळा तरी तोंड उघडलं आणि पाण्याबद्दल, शिडाबद्दल काहीतरी बोललो.

विजयदुर्गला उतरल्या उतरल्या मी एकटा बूथवर धावलो. या वेळी मेव्हण्याच्या बायकोनं फोन घेतला. सासूबाईंना सकाळी झटका आला होता. नाशिकला दवाखान्यात हलवलं होतं. डावी बाजू शाबूत होती, पण वाचा गेली होती.

मी परत येऊन हिला सांगितलं, "आत्ताच कळलं." काका तिथेच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मग हिला म्हणाले, "तुम्ही निघा. होडीचं आम्ही बघतो." काकूंनी तिची पिशवी भरून दिली. तळेऱ्यापर्यंत जीप, मग कोल्हापूर, पुणे असे एस.टी. बदलत आम्ही नाशिक गाठलं. वाटभर ती एकच म्हणत होती, "काल बोलायला हवं होतं. काल लाइन लागली असती तर."

सासूबाई त्यानंतर जवळजवळ वर्षभर होत्या. त्यांना गंगापूर रोडला आमच्या घरीच आणलं. ही शाळेतून आली की त्यांच्याजवळ बसायची. त्या हिच्याकडे बघून काहीतरी सांगायचा प्रयत्न करायच्या, घशातून आवाज यायचा, शब्द व्हायचा नाही. ही एकेक विचारायची, "पाणी? मळ्याचं काही? भाऊचं?" त्या मान हलवायच्या. शेवटी दोघी थकायच्या. मी दारात उभा असायचो.

त्या गेल्यावर दोनेक महिन्यांनी, एका दुपारी ही वाटाणे सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि जयगडपासून सगळं सांगितलं. रत्नागिरीचंही, विजयदुर्गचंही. तिचे हात थांबले.

मग म्हणाली, "मेथीचं कशाला सांगितलंत?"

मी खाली पडलेला एक वाटाणा उचलला.

"दोन दिवस मी तेच चित्र डोळ्यांपुढे ठेवून होते हो."

"मला वाटलं, तुझी सहल..."

"माझी नका म्हणू. जायचं की नाही ते मी ठरवलं असतं. कदाचित थांबलेही असते. तुम्ही मला विचारलं नाहीत."

ती रडली नाही, भांडली नाही. स्वयंपाक केला, मला वाढलं. त्यानंतर रविवारी धरणावर जाणं आपोआप बंद झालं.

पाच-सहा वर्षांनी काका-काकू पुन्हा त्याच वाटेनं निघाले. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. हिनं पत्र वाचलं, घडी करून ठेवलं आणि म्हणाली, "मी जाईन. तुम्ही नका येऊ." मी तिला सी.बी.एस.च्या एस.टी. स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागल्यावर ती आत बसली. खिडकीतून म्हणाली, "वेळेवर जेवा."

ती पंधरा दिवसांनी आली. चेहरा उन्हानं काळवंडला होता, तळहातांना घट्टे पडले होते. चहा पिताना तिनं विजयदुर्गपासून मालवणपर्यंतचा किनारा मला सांगितला. देवगडचा धक्का, मालवणजवळच्या खडकांतून काकांनी तिच्याच हाती दिलेलं सुकाणू. मी न पाहिलेला तेवढाच तुकडा. बाकीच्या प्रवासाबद्दल ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.