खरं की सभ्य?

जिजींना कुणी नुसतं "बरी आहे" असं उत्तर दिलेलं चालत नसे. दारात दूधवाला येवो की मी माडीवरून खाली उतरो, त्या आधी "कसं काय?" विचारत, आणि उत्तर आलं की चष्म्याच्या वरून बघत दुसरा प्रश्न टाकत, "हे खरं की सभ्य?" दूधवाल्यालासुद्धा सवय झाली होती. तो हसून म्हणायचा, "सभ्य हे, जीजी! सच्ची सुणोगा तो दूध फाटी जायगो." मला मात्र हसू येत नसे. माझी सगळीच उत्तरं सभ्य असायची.

जिजी म्हणजे आमच्या देवासच्या घरमालकीण. माहेर धारचं. त्यांचे पूर्वज दरबाराबरोबर दक्षिणेतून आलेले, आणि घरातली मराठी त्यांनी देवातल्या टाकासारखी जपलेली. सणावाराला त्या बोलू लागल्या, की माझ्यासारख्या साताऱ्याकडच्या बाईलाही काही शब्द नवे वाटत. एरवी मात्र खिचडी. "काय करून राहिलीस गं? चादर सुखली की नाही?" भाजीवाल्याशी माळवी, दवाखान्यात हिंदी, देवाशी मराठी. "देवाला हिंदी येत असेल," त्या म्हणायच्या, "पण त्याला माझी चूक कशाला काढू द्यायची?"

मी शाळा सातवीत सोडली. लग्नानंतर ह्यांच्या कारखान्यातल्या नोकरीमागून देवासला आले, तेव्हा हिंदी सिनेमात ऐकली होती तेवढीच. पहिली दोन वर्षं मी भाजी घ्यायलासुद्धा जिजींच्या मागे उभी राहायची. कुणी काही विचारलं की मान हलवायची. कशाला हो म्हटलं हे घरी आल्यावर त्या मला समजावून सांगायच्या.

धाकटीच्या वेळी सिझर झालं. घरी आल्यावर माझा डावा पाय पोटरीपासून सुजत गेला. सासूबाई गावाकडून आलेल्या, त्यांच्यापुढे पाय कसा दाखवायचा? "अंग जड झालंय," म्हणत मी वरणभात लावत राहिले. जिजी बाळाला तीट लावायला वर आल्या आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "कशी आहेस?"

"बरी आहे."

"खरं की सभ्य?"

का कोण जाणे, मला रडू फुटलं. "जिजी, पाय टेकवत नाही."

त्यांनी लुगड्याचा पदर खोचला, टेंपो बोलावला आणि मला इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई आपल्याकडच्या निघाल्या. त्या मराठीत म्हणाल्या, "शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे. छातीत गेली असती तर जिवावर बेतलं असतं." मग सुया आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या कितीतरी महिने. धाकटी त्या दिवसांत जिजींच्या मांडीवर वाढली. अजूनही ती "आमच्याकडे" म्हणते तेव्हा तिच्या मनात खालचा मजला असतो.

पाय बरा झाला. पोट मात्र परत जागेवर आलं नाही. कातडीची वळी लोंबत राहिली, नेसताना हातानं उचलून आत घालावी लागायची. बसमध्ये बायका उठून जागा द्यायच्या आणि मी बसायची. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

एकदा जिजींनी मला धारला नेलं. त्यांच्या भाचसुनेचं डोहाळजेवण होतं. ओट्या भरता भरता एक म्हाताऱ्या काकीसाहेब माझ्याकडे बघून मोठ्यांदा म्हणाल्या, "अगो, हिलाही दिवस दिसताहेत! हिचीही भरा." मला पाटावर बसवलं. हिरव्या बांगड्या चढवल्या. बायकांनी विचारलं, "कितवा?" आणि मी, काय सांगू, मी लाजून खाली बघितलं. त्यांना ते उत्तर पुरलं. न झालेल्या मुलाची ओटी भरून घेऊन मी उठले. स्वयंपाकघराच्या दारातून जिजी हे सगळं बघत होत्या.

परतीच्या बसमध्ये त्यांनी विचारलं, "बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मूल नाही, पोट आहे म्हणू?"

त्यांनी माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. मग माझ्या हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवत म्हणाल्या, "ह्याला म्हणतात सभ्य."

इंदुरात पोटाची कातडी कापून पोट सारखं करतात, हे मला कळलं ते एका अफसराच्या बायकोकडून. तिचे ब्लाऊज मी शिवायची. ती असं सांगत होती, जणू केस कापून आली. मी पुष्कळ दिवस ते मनात ठेवलं. दोन मुलांची आई, सातवी शिकलेली, भाड्याच्या घरात राहणारी, आणि हे थेर? ह्यांना सांगण्याआधी मी जिजींना सांगितलं, तेही तोंडावर पदर घेऊन.

जिजी तांदूळ निवडत होत्या. "मग? मी दात नवे बसवले. केस काळे करते. देवानं दिलेलं जसंच्या तसं कुणी ठेवलंय?" मग सुपावरून मान वर करून, "पण त्या गुठळीचं डॉक्टरला सांग हो. जगाला हवं तेवढं सभ्य सांग. डॉक्टरला नको."

मी ह्यांच्याबरोबर इंदूरला गेले. हे बिचारे बाहेरच बसले, त्यांना माझ्याहून जास्त लाज वाटत होती. आत डॉक्टर तरुण होते, नीट बोलणारे. "पहले कोई बड़ी बीमारी?" मी वाटेत पाठ केलेलं वाक्य म्हटलं. त्यांनी पाय दाबून पाहिला, "अब तो नहीं है?" मी म्हटलं, "नहीं." गौरी-गणपतीनंतरची तारीख मिळाली. मी एकटीनं हिंदीत डॉक्टरशी बोलून आले, ह्याचा मला इतका आनंद झाला होता की घरी आल्याआल्या जिजींना सांगितलं.

"काय म्हणालीस? शब्द न् शब्द सांग."

"म्हटलं, डिलिवरी के बाद मेरे पैर में गुठली हुई थी."

जिजींची पोळी तव्यावर तशीच राहिली. त्या हसायला लागल्या. "बये! गुठली? अगं हिंदीत गुठली म्हणजे कोय! आंब्याची कोय! त्या भल्या माणसाला तू सांगून आलीस की तुझ्या पायात आंब्याची कोय होती!" डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मीही ओशाळून हसले. आणि मग एकदम त्या थांबल्या. पोळी करपल्याचा वास आला, तरी त्यांनी ती उलटली नाही.

"त्याला वाटलं असेल, कातडीखाली एखादी गाठ असेल," त्या म्हणाल्या. "त्याला काही कळलेलंच नाही. थक्का म्हणायचं होतं, सुमन. खून का थक्का."

मला भीती वाटली. पण भीतीपेक्षा लाज जास्त. परत जायचं, त्या डॉक्टरपुढे बसायचं आणि सांगायचं की मला साधा शब्द येत नव्हता? आणि ऐकून ते नाही म्हणाले तर? "राहू द्या ना, जिजी," मी म्हटलं. "तारीख मिळालीय. त्याला आता इतकी वर्षं झाली."

जिजींनी गॅस बंद केला. "तुझी पोर माझ्या मांडीवर होती तेव्हा. ती आता शाळेत जाते. तिला मी काय सांगू, तुझी आई कशानं गेली? लाजेनं?"

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर बसमध्ये होत्या. डॉक्टरांच्या खोलीत त्यांनी स्वतः बोलायला नकार दिला. "तूच म्हण." मी म्हटलं. एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "डॉक्टरसाब, गुठली नहीं, खून का थक्का हुआ था. नस में."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कुठल्या पायात, किती सूज, श्वास लागला होता का, गोळ्या किती महिने, घरात आणखी कुणाला झालं होतं का, सगळं पहिल्यापासून विचारलं. "और अभी कोई गोली ले रही हैं?"

"नहीं."

जिजींनी माझ्याकडे बघितलं. मराठीत, हळू आवाजात, "खरं की सभ्य?"

मी घेत होते. गौरी यायच्या होत्या, म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. आपल्याकडे सगळ्याच बायका घेतात, त्याला कुणी औषध म्हणत नाही. आणि ऑपरेशनच्या टेबलावर पाळी आली तर काय, ह्या लाजेनं मी त्या पुढेही चालू ठेवणार होते. मी जिजींच्या कानात सांगितलं. जिजींनी ते डॉक्टरांना खणखणीत हिंदीत सांगितलं. बाहेर बसलेल्या कंपाउंडरलाही ऐकू गेलं असणार. त्या क्षणी जमीन फाटावी असं मला वाटलं.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "अच्छा हुआ आप लौट आईं. ये गोली भी खून जमा सकती है." गोळ्या बंद. तारीख रद्द. "मना नहीं कर रहा हूँ. पहले पूरा देख लें." त्यांनी मला रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पायाच्या शिरांची सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. वजन कमी करायला सांगितलं. स्पष्ट सांगितलं, की सगळी काळजी घेतली तरी तुम्हाला धोका इतरांपेक्षा जास्तच राहील, आणि ऑपरेशन नाही केलंत तरी काही बिघडत नाही. त्या वर्षी गौरींच्या वेळी मी बाजूला बसले. पूजा जिजींनी केली आणि नैवेद्याचं ताट माझ्यासमोर आणून ठेवलं.

पुढच्या हिवाळ्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी एका वेळी आवश्यक तेवढंच केलं. पायात घट्ट मोजे, रक्त गोठू नये म्हणून सुया, आणि त्याच संध्याकाळी उठून चालायचं. टाके ओढत होते, मी कमरेत वाकलेली. जिजी माझा हात धरून वऱ्हांड्यात पुढे. "चल, बये, वरातीसारखी चाल. घाई नाही, पण थांबायचं नाही." पाय सुजला किंवा दम लागला तर वाट न बघता यायचं, हे त्यांनी नर्सकडून पुन्हापुन्हा वदवून घेतलं, माझ्यासमोर.

देवासात सगळ्यांना आम्ही हर्निया सांगितलं. अजूनही तेच सांगते. जिजींनीही शेवटपर्यंत हर्नियाच सांगितलं, अगदी निष्पाप चेहऱ्यानं. आरशासमोर साडी सपाट बसली की आनंद होतो, आणि त्या आनंदाचीही लाज वाटते. ती काही कुणी कापून काढली नाही.

जिजी थकल्यावर त्यांचा भाचा त्यांना धारला घेऊन गेला. मी भेटायला गेले तेव्हा त्या खाटेवर होत्या, नव्या दातांशिवाय. भाचा, भाचसून, शेजारचे दोघंतिघं उभे होते, आणि डॉक्टर नाडी बघत होते. "क्या तकलीफ है, माँजी?"

"कुछ नहीं. ठीक हूँ."

मी वाकून त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "जिजी, खरं की सभ्य?"

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून बोळकं हसलं. "सभ्य गं," त्या पुटपुटल्या. "सगळे उभे आहेत ना."

मी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. भाच्यालाही. दार लोटलं. मग जिजींनी मला सांगितलं, की लघवीच्या जागी किती दिवस आग होतेय आणि रक्तही जातंय, आणि भाच्यासमोर हे कसं बोलायचं. सांगताना त्यांनी लुगड्याचा पदर तोंडावर ओढून घेतला होता, अगदी माझ्यासारखा.

मी डॉक्टरांना आत बोलावलं आणि हिंदीत सगळं सांगितलं. जागेचं नाव घेऊन, रक्ताचं नाव घेऊन. माझे कान तापले होते. पदराआड जिजी डोळे मिटून माझा शब्द न् शब्द ऐकत होत्या. त्यांनी एकही दुरुस्त केला नाही.