काटा तुमी धरा

चौसाळ्यात जिजाक्काच्या दुकानात काळ्या कोटातच पहिल्यांदा गेलो, तेव्हा कारळ्याची चटणी पावशेर मागितली. अक्कांनी तराजू माझ्याच हातात दिला. "काटा तुमी धरा, वकीलसाहेब. माल माझा हाय." मला वाटलं, बाई चेष्टा करतात. पण प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या हेच सांगत.

चटणी कांडायला पाच जणी होत्या. दरवर्षी दसरा झाला की नवऱ्यासोबत ऊसतोडीला जायच्या, लेकरांची शाळा बुडायची. अक्कांनी मालाची विक्री मोबाइलवरच्या एका बलाढ्य बाजारात सुरू केली आणि त्या पाचजणी गावातच राहिल्या. मग त्या बाजाराच्या कंपनीनं स्वतःची कारळ्याची चटणी काढली. 'चौसाळ्याची चटणी' असं शोधलं तरी पहिलं पाकीट कंपनीचं. आमचं कुठं, तर पार तळाशी. मागणी आटली. सिंधू, पाचजणींतली सगळ्यात धाकटी, एक दिवस म्हणाली, "अक्का, मुकादम इचारून गेलाय. दसऱ्याला येतंय का म्हणून."

अक्का तडक बीडला माझ्याकडे आल्या. माझी वकिली बांधाच्या नि वाटणीच्या दाव्यांत गेलेली. दिल्लीला यासाठी स्पर्धा आयोग असतो, हे पुस्तकं चाळल्यावर मलाच कळलं. तक्रार गेली. आयोगाचं उत्तर आलं, तेव्हा पाकिटावरचं 'स्पर्धा आयोग' वाचून पोस्टमन गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत आला. आमच्याकडं स्पर्धा म्हणजे स्पर्धा परीक्षा, दुसरं काही नाही.

"अक्का, पेढे काढा! कोण पास झालं?"

"आजून कुणी न्हाई, बाबा. पेपर कंपनीचा हाय. आपुन नुसता प्रश्न काढलाय."

सुनावणी माझ्या कचेरीतल्या पडद्यावर झाली. पलीकडे कंपनीचे आठ वकील. त्यांचं म्हणणं, कोणता माल वर दिसायचा ते यंत्र ठरवतं, त्यात कुणाचा हात नसतो. अक्कांनी बोलायची परवानगी मागितली. त्या बोलतील ते मी इंग्रजीत सांगत गेलो.

"साहेब, माझा बाप पाटोद्याच्या बाजारात मापाडी हुता. घरची तूर आली की काटा सोडून बाजूला व्हायचा, दुसऱ्याला धरायला लावायचा. लोक इचारायचे, कावून? तर म्हणायचा, माझा हात खोटा न्हाई, पण ज्याचा माल त्याच्या हाती काटा नसावा. ह्यांचा काटाबी त्यांचा, मालबी त्यांचा. हात खोटा हाय का, मला म्हाईत न्हाई. काटा तेवढा सोडा म्हणावं."

अध्यक्षांनी मला ते पुन्हा, सावकाश सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. कायद्याची जाडजूड पुस्तकं वाचून मला जे नीट मांडता आलं नव्हतं, ते चौथी शिकलेल्या या बाईनं तुरीच्या पोत्यावरून मांडलं. अक्का पदरानं चष्मा पुसत होत्या.

चौकशीचा आदेश निघाला आणि निकाल लागेपर्यंत कंपनीनं आपला माल वर ठेवू नये, असंही आयोगानं बजावलं. हळूहळू मागणी परतली. त्या दसऱ्यानंतर मुकादमाचा ट्रक हमरस्त्यानं गेला, तेव्हा पाचही जणी दुकानात कांडत होत्या. मी अभिनंदन केलं, तर अक्का म्हणाल्या, "हे आत्तापुरतं हाय. निकालाआधी लई हसू न्हाई."

निकाल मात्र त्यांना दिसला नाही. उन्हाळ्यात ताप आला आणि आठवड्यात अक्का गेल्या. त्या गेल्याचं अजून मनाला पटत नाही.

पावसाळ्यानंतर असाच दुकानात बसलो होतो. पोस्टमन आला. या वेळी ओरडला नाही. अक्कांच्या नावाचं आयोगाचं पाकीट सिंधूच्या हातात देऊन दारातच थांबला. बाकीच्या चौघींनी मुसळं खाली ठेवली. सिंधूला चांगलं वाचता येतं, तरी तिनं पाकीट फोडलं नाही. माझ्यापुढं धरलं.

"तुमी वाचा, वकीलसाहेब. आमचा माल हाय त्यात."

मी फोडलं. शेवटचं पान दोनदा वाचलं. अक्षरं नीट दिसेनात. मग पोस्टमनला म्हणालो, "जा, आता पेढे आण. अक्का पास झाल्या."